रेडिओ-नियंत्रित मोटारसायकल प्रतिकृतीची संचातून जुळणी : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील पिआजिओ कंपनीचा कारखाना हा या तालुक्याच्या परिचयाचा भाग झाला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे ‘अ‍ॅपे’ ही तीनचाकी तयार होऊ लागली. २०१२ मध्ये व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू झाले आणि २०२३ मध्ये जगापुढे आलेली ४५७ घन सेंटिमीटर क्षमतेची ‘एप्रिलिया आरएस ४५७’ ही दोन सिलिंडरची मोटारसायकलही बारामतीतच बनते व येथूनच परदेशी जाते. या तिन्ही वाहनांना हँडल आहे. परंतु ते फिरवण्यामागील यांत्रिकी सारखी नाही. अ‍ॅपेचे हँडल उजवीकडे वळवले की अ‍ॅपे उजवीकडे जाते. वेगात असलेल्या मोटारसायकलला उजवीकडे न्यायचे असेल तर हँडल प्रथम किंचित डावीकडे ढकलावे लागते. बारामती-इंदापूर रस्त्यावर रोज मोटारसायकल चालवणाऱ्या बहुतेकांना हे सांगितल्यास ते मान्य होत नाही. प्रत्यक्षात मात्र त्यांचे हात वर्षानुवर्षे तेच करीत असतात.

हा विरोधाभास समजून घेण्याचे एक स्वस्त, निर्धोक आणि हाताळता येण्याजोगे साधन म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जोडलेली रेडिओ-नियंत्रित मोटारसायकल प्रतिकृती होय. अशा प्रतिकृतीकडे आपल्याकडे खेळणे म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात तिची जुळणी, तिच्यामागील भौतिकशास्त्र आणि महाविद्यालयीन अध्यापनातील तिचा उपयोग यांचे विवेचन केले आहे. चारचाकी प्रतिकृतीचा विचार येथे केलेला नाही. चारचाकी प्रतिकृती कशीही जोडली तरी ती उभी राहते. दुचाकी प्रतिकृती मात्र जोडणाऱ्याची प्रत्येक चूक जमिनीवर आडवी पडून दाखवते, आणि शिक्षकाच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण आहे.

दुचाकी तोल कसा सांभाळते :

चालती दुचाकी का पडत नाही, या प्रश्नाचे जे उत्तर पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ दिले गेले ते असे की, फिरणारी चाके जायरोस्कोपप्रमाणे वागतात व वाहनाला उभे ठेवतात. हे उत्तर अपुरे आहे. इंग्लंडमध्ये व्हिपल याने १८९९ मध्येच दुचाकीच्या गतीची समीकरणे मांडली होती. पुढे १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या रसायनशास्त्रज्ञाने ‘चालवता न येणारी सायकल’ मुद्दाम बनवण्याचा उद्योग आरंभला. पुढच्या चाकालगत उलट दिशेने फिरणारे दुसरे चाक बसवून त्याने जायरोस्कोपिक परिणाम जवळजवळ नाहीसा केला, तरीही ती सायकल चालवता आली. यावरून त्याने पुढच्या चाकाच्या भूमितीला अधिक महत्त्व दिले. हँडलच्या दांड्याची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जेथे मिळते, त्याच्या थोडे मागे चाकाचा जमिनीशी स्पर्शबिंदू असतो. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. सामानाच्या ढकलगाडीचे लहान चाक आपोआप मागे वळते ते याच कारणाने. ट्रेलमुळे दुचाकी ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचे चाक आपण होऊन वळू पाहते आणि पडत्या भाराखाली आधार नेऊन ठेवते.

तथापि हेही अंतिम उत्तर ठरले नाही. डेल्फ्ट व कॉर्नेल येथील संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका विशेष सायकलीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिच्यात उलट फिरणाऱ्या चाकांनी जायरोस्कोपिक परिणाम रद्द केला होता आणि ट्रेलही किंचित ऋण ठेवला होता. तरीही ती ढकलून दिल्यावर स्वारावाचून तोल सांभाळत पुढे गेली. म्हणजेच चाकांची फिरकी, ट्रेल आणि वस्तुमानाची मांडणी या तिन्हींचा एकत्रित परिणाम पाहावा लागतो. त्यांपैकी कोणत्याही एकावर सगळे श्रेय लादता येत नाही. एवढे मात्र निश्चित की, आपोआप स्थिर राहणारी दुचाकी पडण्याच्या दिशेने वळते. वळण्याची ही मोकळीक काढून घेतली, उदाहरणार्थ हँडल घट्ट आवळून ठेवले, तर कोणतीही दुचाकी क्षणात पडते.

वळण घेण्याचे तत्त्व याला जोडूनच येते. संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यातील गोल रिंगण इंदापूर तालुक्यातील बेलवाडी येथे होते. रिंगणात धावणारा अश्व वर्तुळाच्या आत कललेला असतो, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. वर्तुळात धावणाऱ्या अश्वाला जे करावे लागते तेच मोटारसायकललाही करावे लागते. वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, या संख्येएवढी कलत्या कोनाची स्पर्शिका असते. ताशी ८० किमी वेगाने ६४ मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे तर सुमारे ३८ अंश कलावे लागते. परंतु घोडा आपले शरीर स्वतः कलवतो, मोटारसायकल मात्र आपोआप आत कलत नाही. तिला उजवीकडे कलवायचे तर खालची चाके डावीकडे सरकवावी लागतात, म्हणून हँडल प्रथम डावीकडे. यालाच उलट-वळण म्हणता येईल. अ‍ॅपे कलतच नाही, म्हणून तिला याची गरज नाही. आणि म्हणूनच मोटारसायकलची सवय असलेला माणूस प्रथमच अ‍ॅपेचे हँडल हाती घेतो तेव्हा काही काळ गोंधळतो.

लहान आकाराची अडचण :

प्रतिकृती म्हणजे मूळ वस्तूची केवळ छोटी आवृत्ती, अशी समजूत असते. ती येथे फसवी ठरते. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. स्वारासह मोटारसायकलचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंमी उंच धरला तर तिच्या पडण्याचा स्वाभाविक कालमापक सुमारे ०.२५ सेकंद येतो. एक-अष्टमांश प्रतिकृतीत तीच उंची ७.५ सेंमी होते व कालमापक ०.०९ सेकंदाच्या आसपास उतरतो. माणसाच्या डोळ्याने कल पाहून हाताने प्रतिसाद देण्यास साधारण ०.२ सेकंद लागतात. हँडल हलवणाऱ्या सामान्य सर्वो मोटरलाच ६० अंश फिरण्यास ०.१ ते ०.२ सेकंद लागतात. म्हणजे दुरून चालवणाऱ्याला प्रतिकृतीचा तोल सांभाळणे शक्यच नाही. प्रतिकृतीला तो स्वतः सांभाळावा लागतो. चालवणारा फक्त कोणत्या बाजूला कलायचे एवढेच सुचवतो. चारचाकी प्रतिकृतीपेक्षा दुचाकीच्या संचाची रचना वेगळी का असते, याचे मूळ येथे आहे.

वर्गमुळाचा हा नियम वेगालाही लागू होतो. जाहिरातींतून प्रतिकृतीचा वेग आठपट करून ‘ताशी २२४ किमीच्या तोडीचा’ असे छापले जाते. गतिशास्त्राला ते मान्य नाही. ताशी २८ किमी वेगाने धावणारी एक-अष्टमांश प्रतिकृती ताशी सुमारे ८० किमी वेगाच्या खऱ्या मोटारसायकलसारखी वागते, कारण ८ चे वर्गमूळ २.८३ आहे. त्या वेगाने ८ मीटर त्रिज्येचे वळण घेताना तीही ३८ अंशच कलते. वर दिलेले ६४ मीटरचे उदाहरण आणि हे उदाहरण एकच आहे, केवळ माप बदलले आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांना मितीय विश्लेषण शिकवताना याहून बोलके उदाहरण सहसा सापडत नाही.

या अडचणीवर उत्पादकांनी निरनिराळे उपाय योजले. जपानच्या क्योशो कंपनीने एक-अष्टमांश आकाराचा ‘हँग ऑन रेसर’ हा संच काढला. पुढील काळात १९९१ च्या होंडा एनएसआर ५०० च्या रूपात तो पुन्हा बाजारात आला. तैवानच्या थंडर टायगर कंपनीने एक-पंचमांश आकाराची ‘एसबी-५’ आणली. आकार मोठा केला की पडण्याचा काळ वाढतो, हा त्यातील साधा लाभ. काही प्रतिकृतींत स्वतंत्र मोटरवर किंवा मागच्या चाकात वेगाने फिरणारे जड गतिपालक चक्र बसवलेले असते. ते चाकांच्याच दिशेने फिरत असेल तर प्रतिकृती उजवीकडे वळताच तिला पुन्हा उभी करणारे आघूर्ण निर्माण करते. त्यामुळे कमी वेगातही ती तग धरते. मुंबईच्या लायगर मोबिलिटी या कंपनीने जानेवारी २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये स्वतःच तोल सांभाळणारी विद्युत स्कूटर मांडली होती. पूर्ण आकाराच्या वाहनातही हा प्रश्न अद्याप अभियंत्यांना आकर्षित करतो, एवढाच त्याचा येथे संबंध.

संचाची जुळणी :

संचाच्या खोक्यात क्रमांक घातलेल्या पिशव्या, स्क्रूंच्या पुड्या, रंग न दिलेले पारदर्शक आवरण आणि आकृत्यांची पुस्तिका असते. ट्रान्समीटर, रिसीव्हर, सर्वो, गतिनियंत्रक, बॅटरी व चार्जर हे बहुधा वेगळे घ्यावे लागतात. सर्व पिशव्या एकदम फोडू नयेत. पुस्तिकेत ज्या पायरीला जी पिशवी सांगितली असेल तेवढीच पसरट ताटात रिकामी करावी. घरातील जुने स्टीलचे ताट या कामी उत्तम. त्याच्या काठामुळे स्क्रू घरंगळत नाहीत.

हत्यारांपैकी स्क्रूड्रायव्हरकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. जपानी संचांतील फुलीच्या स्क्रूची खाच जपानी मानकाची असते आणि हार्डवेअरच्या दुकानातला नेहमीचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की खाच गोल होते व तो स्क्रू पुन्हा निघत नाही. इतर संचांत षट्कोनी खाचेचे स्क्रू असतात, त्यांच्यासाठी १.५, २ व २.५ मिमीच्या चांगल्या प्रतीच्या अ‍ॅलन की असाव्यात. धातूत बसणाऱ्या स्क्रूला आटे पकडून ठेवणारा द्रव थेंबभर लावावा, कारण मोटरच्या कंपनाने ते सैल होतात. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला तो लावू नये. काही प्लॅस्टिकना त्याने तडे जातात.

प्रथम मागचे चाक, त्याचा दांडा आणि गिअर यांची जुळणी होते. स्वस्त संचांत दांड्याला आधार म्हणून धातूचे किंवा प्लॅस्टिकचे बुश दिलेले असतात. त्यांच्या जागी बॉल बेअरिंग बसवणे हा पहिला आणि सर्वांत फलदायी बदल होय. मोटरचे लहान पिनिअन व मोठे दातेरी चक्र यांच्यातील अंतर ठरवताना दोहोंच्या मध्ये साध्या वहीच्या कागदाची पट्टी घालून ते जवळ आणावेत, मोटर आवळावी आणि चाक फिरवून पट्टी काढून घ्यावी. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटल्या पण ती फाटली नाही, तर अंतर योग्य. फार घट्ट बसवलेला गिअर आवाज करतो व मोटर तापवतो; फार सैल बसवलेला दाते खातो. गिअर गुणोत्तराचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे. मोटरचे मिनिटाला २०,००० फेरे, एकूण घट १० पट आणि चाकाचा व्यास ७.५ सेंमी धरला तर चाक मिनिटाला २,००० फेरे घेते व प्रतिकृती ताशी सुमारे २८ किमी जाते. घर्षण व हवेचा विरोध लक्षात घेता प्रत्यक्ष वेग यापेक्षा कमी मिळतो.

पुढचा फोर्क हा सगळ्या जुळणीचा गाभा आहे. त्याच्या नळ्यांत स्प्रिंग असते आणि चांगल्या संचांत सिलिकॉन तेलही भरावे लागते. तेल भरताना दट्ट्या हळूहळू वरखाली करून हवेचे बुडबुडे बाहेर काढावेत. दोन्ही नळ्यांत तेल समान नसेल तर एक बाजू आधी दबते आणि प्रतिकृती विनाकारण एका अंगाला ओढते. फोर्क जेथे सांगाड्याला जोडला जातो तेथील सांधा पूर्ण मोकळा फिरला पाहिजे. परीक्षा सोपी आहे. सर्वोचा दुवा जोडण्यापूर्वी अर्धवट जोडलेली प्रतिकृती हातात धरून एका बाजूला कलवावी. पुढचे चाक स्वतःच्या भाराने त्याच बाजूला वळले तर सांधा ठीक आहे. अडखळले तर पुढे जाऊ नये. येथे अर्धा तास वाचवणाऱ्याला पुढे मैदानावर अनेक संध्याकाळी खर्चाव्या लागतात.

आता हँडल आणि सर्वो यांचा दुवा. चारचाकीत सर्वो चाकाला ठराविक कोनात घट्ट धरून ठेवतो. दुचाकीत तसे केले तर वर सांगितलेली मोकळीक नष्ट होते आणि प्रतिकृती काही मीटरांतच पडते. म्हणून दुवा स्प्रिंगमधून जातो. सर्वो हँडलला कोन देत नाही, हलका जोर देतो. स्प्रिंग मऊ असेल तर प्रतिकृती वळायला आळस करते, कडक असेल तर तोल जातो. योग्य स्प्रिंग शोधणे हा अनुभवाचा भाग आहे. दुसरी गोष्ट दिशेची. ट्रान्समीटरचे चाक उजवीकडे फिरवल्यावर सर्वोने हँडलला डावीकडे रेटा द्यावा लागतो. नवशिका जोडणारा हे पाहून दुवा उलटा बसला असे समजतो आणि ‘दुरुस्त’ करतो. मग प्रतिकृती प्रत्येक वेळी सांगितल्याच्या विरुद्ध बाजूला जाते. वर्गात ही चूक मुद्दाम घडू द्यावी, कारण उलट-वळणाचे तत्त्व फळ्यावरील कोणत्याही आकृतीपेक्षा ती अधिक पक्के करते. काही प्रतिकृतींत हँडल मोकळे सोडून स्वाराच्या बाहुलीचे किंवा बॅटरीचे वजन बाजूला सरकवले जाते. ती रचना कळायला सोपी असली तरी तिचा प्रतिसाद मंद असतो.

टायर चाकावर चढवण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत, कारण साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर चिकटद्रव्याला धरू देत नाही. कडेने थोडा थोडा द्रव सोडून ते चिकटवावेत. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक आवरणाला रंग आतून द्यावयाचा असतो. त्यामुळे क्रम उलटा होतो. गडद रंग आधी, फिकट नंतर. अन्यथा फिकट रंगामागून गडद छटा डोकावते. बाहेरची संरक्षक पातळ पापुद्री सर्वांत शेवटी काढावी.

रेडिओ, विद्युत जोडणी व बॅटरी :

रिसीव्हरकडून सर्वोला जाणारी आज्ञा म्हणजे सुमारे दर २० मिलिसेकंदांनी येणारा एक स्पंद असतो. त्याची लांबी १.५ मिलिसेकंद असली की सर्वो मध्यावर राहतो. १ व २ मिलिसेकंद ही दोन टोके. म्हणूनच सर्वोची पट्टी बसवण्याआधी ट्रान्समीटर व रिसीव्हर सुरू करून, ट्रिम शून्यावर ठेवून सर्वो मध्यावर आणावा व मगच पट्टी काटकोनात बसवावी. जुन्या २७ मेगाहर्ट्‌झच्या संचांत प्रत्येकाला वेगळा क्रिस्टल लागे आणि एकाच क्रिस्टलच्या दोन गाड्या मैदानात आल्या की दोन्ही बेफाम होत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या आजच्या ट्रान्समीटरने हा प्रश्न संपवला. या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना भारतात २००५ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. सिग्नल तुटल्यास मोटर बंद व्हावी अशी सुरक्षा-व्यवस्था बहुतेक रिसीव्हरमध्ये असते. ती नेमून घेतल्याशिवाय प्रतिकृती जमिनीवर ठेवू नये.

लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या बाबतीत शिस्त अपरिहार्य आहे. दोन कोषांच्या बॅटरीचा नाममात्र दाब ७.४ व्होल्ट असतो. प्रत्येक कोष ४.२ व्होल्टपेक्षा जास्त चार्ज करू नये आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. बरेच दिवस वापर नसेल तर कोषागणिक ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. बारामती-इंदापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला पोहोचतो. अशा दिवसांत बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवणे धोक्याचे आहे. विद्यार्थ्यांच्या हाती प्रथम ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी द्यावी. ती जड आहे, पण चुका सहन करते.

सर्व भाग बसल्यावर वजनाचा समतोल पाहावा. प्रतिकृती दोन्ही चाकांवर उभी करून, हँडल सरळ ठेवून बोटाच्या आधाराने ती कोणत्या बाजूला झुकते ते पाहावे आणि बॅटरी किंवा रिसीव्हर सरकवून ती मध्यावर आणावी. एका बाजूला ओढणाऱ्या प्रतिकृतीला ट्रान्समीटरच्या ट्रिमने सरळ करण्याचा मोह होतो, परंतु तो दोष वेगानुसार बदलत असल्याने ट्रिमने कधीच पुरता जात नाही.

स्थानिक परिस्थिती :

नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिची बारीक धूळ बेअरिंगच्या फटींत शिरते. त्यामुळे रस्त्यासाठी बनवलेली प्रतिकृती शेताच्या कडेला किंवा माळावर चालत नाही. महाविद्यालयाचे बास्केटबॉलचे काँक्रीट मैदान, सभागृहासमोरील फरसबंद अंगण ही योग्य जागा. किमान २० मीटर लांबी व १५ मीटर रुंदी हवी. सार्वजनिक रस्त्यावर ती चालवू नये. विशेषतः गळीत हंगामात, जेव्हा माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अखंड जात असतात, तेव्हा रस्ता हे खेळाचे ठिकाण नाही. प्रत्येक फेरीनंतर मऊ ब्रशने चेन व गिअर साफ करावेत. चेनला तेल लावले की धूळ चिकटते; म्हणून कोरडे वंगण बरे.

प्रतिकृती उभी राहत नसल्याने ती हाताने धरून पुढे ढकलून सोडावी लागते. पडल्यावर आवरण घासू नये म्हणून दोन्ही बाजूंना आडव्या कड्या असतात. काही प्रतिकृती कडीवर टेकलेल्या अवस्थेतूनही वेग दिल्यावर उठून उभ्या राहतात. पहिल्या फेऱ्यांत अर्धाच वेग वापरावा, पण फार हळूही चालवू नये. कमी वेगात ती अधिक डळमळते, हे नवशिक्याला पटवून द्यावे लागते.

सुटे भाग ही खरी अडचण आहे. संच आयात होतात. खेळणी व लहान प्रमाणातील प्रतिकृती यांच्यावरील मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले व २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी-उद्योगासाठी ते हितकर असेलही. पण असा संच देशात सहजी बनत नसल्याने महाविद्यालयाला मात्र तो महाग पडतो. तुटलेला दांडा किंवा बुश परदेशातून मागवण्यापेक्षा जवळच्या कार्यशाळेत लेथवर घडवून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. ज्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरच्या कारखान्याने साखर यंत्रसामग्रीपासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अग्निबाणांच्या आवरणांपर्यंतची कामे केली, त्या परिसरात ३ मिमी जाडीचा पोलादी दांडा कातून देणारा कारागीर सापडणे अवघड नाही. असा भाग मोजून, रेखाटून, घडवून घेणे यात विद्यार्थ्याचे जे शिक्षण होते ते नवा भाग पाकिटातून काढून बसवण्यात होत नाही.

अध्यापनातील उपयोग :

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी पूर्ण आकाराची वाहने बनवण्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत भाग घेतात. त्यांचे महत्त्व मोठे, पण त्यांचा खर्च कला-विज्ञान-वाणिज्य महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा असतो. एका प्रतिकृतीवर मात्र भौतिकशास्त्राचा विद्यार्थी कलत्या कोनाचे मापन करू शकतो, इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी स्पंदाची लांबी ऑसिलोस्कोपवर पाहू शकतो, गणिताचा विद्यार्थी स्थिरतेची समीकरणे तपासू शकतो. बारामतीत २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी शालेय मुलांपुढेही हे प्रात्यक्षिक मांडता येईल.

याहून गंभीर कारण रस्त्यावरचे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने १९८१ मध्ये सादर केलेल्या मोटारसायकल अपघातांच्या विस्तृत अभ्यासात असे आढळले की, अडथळा समोर येताच बहुतेक स्वार मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात, पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाहीत आणि उलट-वळण देऊन बाजूला निघण्याचे कौशल्य त्यांच्यात जवळजवळ नसतेच. आपल्याकडे परवान्यासाठी रूढ असलेली इंग्रजी आठच्या आकड्याची चाचणी अत्यंत कमी वेगाने होते. त्या वेगाला हँडल सरळसरळ वळवूनच काम भागते. म्हणजे ज्या वेगाला अपघात होतात, त्या वेगाचे वळण चाचणीत तपासलेच जात नाही. रात्री दिव्यांवाचून उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीपुढे अचानक आलेल्या तरुणाचे हात घाबरून ट्रॉलीपासून दूर, म्हणजे जेथे जायचे त्या दिशेला हँडल ओढतात, आणि गाडी क्षणभर ट्रॉलीकडेच कलते. महाविद्यालयांच्या वाहनतळांवर उभ्या असलेल्या शेकडो मोटारसायकलींचे मालक याच रस्त्यांनी घरी जातात.

प्रतिकृती हे कौशल्य हातात उतरवत नाही. ते खऱ्या वाहनावर, मोकळ्या मैदानात, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकावे लागते. प्रतिकृती फक्त अविश्वास दूर करते. त्यासाठी करावयाचा प्रयोग असा. मैदानावर खडूने ८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने, वर्तुळाच्या सुरुवातीच्या बिंदूसमोर जमिनीलगत बसून, वळणात शिरणाऱ्या प्रतिकृतीचे समोरून चित्रण करावे. पुढच्या चाकावर आणि आवरणाच्या मध्यरेषेवर पांढरी पट्टी चिकटवलेली असावी. एकेक चित्र पुढे सरकवत विद्यार्थ्यांनी तीन रकाने भरावेत : चित्राचा क्रमांक, चाकाचा कोन, कलाचा कोन. चाक प्रथम वळणाच्या विरुद्ध बाजूला जाते, त्यानंतर कल सुरू होतो आणि मग चाक वळणाच्या बाजूला परत येते, हे तक्त्यात दिसते. हाच तक्ता पुढे त्याच वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या पटांगणावर ताशी ३० किमी वेगाने चालवलेल्या स्वतःच्या मोटारसायकलसाठी, शिरस्त्राण घालून आणि वर्तुळाची त्रिज्या २० मीटर ठेवून, पुन्हा भरून घ्यावा.